ऑफिसात बायकांच्या हृदयविकाराबद्दल बोलायचं आहे: ३० मिनिटांत नेमकं काय सांगू?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी लेखा विभागात काम करते, २१ वर्षं झाली. आमच्या विभागात आम्ही १४ जण, त्यातल्या ९ बायका. पुढच्या महिन्यात एचआरने मला ३० मिनिटं दिली आहेत. विषय 'स्त्रिया आणि हृदयविकार'. कुणी माझ्या गळ्यात मारलेला नाही, मी स्वतः मागून घेतला. का मागितला ते आधी सांगते, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. महिनाअखेरचा दिवस होता. माझ्या शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते, वय ४९. अकरा वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून काम करतोय. त्याआधीचे दोन-तीन आठवडे ती म्हणत होती की रात्री झोप लागत नाही, सकाळी उठते तीच दमलेली. जिना चढून आली की खुर्चीत बसून मिनिटभर बोलायची नाही, नुसती हाताने 'थांब' म्हणायची. मी म्हणायचे, "अगं, आपलं वय झालं आता."

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास तिने माउस बाजूला ठेवला आणि उजव्या हाताने जबडा चोळायला लागली. म्हणाली, "दाढेचं काहीतरी झालंय बहुतेक, पार पाठीपर्यंत कळ जाते." एसी चालू असताना तिच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं, "छातीत दुखतंय का गं?" ती म्हणाली, "नाही, दुखत नाहीये." मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, "बँकेचा मेळ बसला की निघते."

बँकेचं पुस्तक आणि आमचं पुस्तक यांत एका नोंदीचा फरक येत होता. मी माझ्या ड्रॉवरमधली ॲसिडिटीची गोळी तिला दिली आणि खुर्ची ओढून तो फरक शोधायला तिच्याबरोबर बसले. दोन वाजता सापडला. एकच बिल दोनदा चढवलं गेलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी ती बाथरूममध्ये उलटी करून तिथेच फरशीवर बसली. लिफ्ट बंद होती. आम्ही दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून तीन मजले चालवत खाली नेलं. ते किती चुकीचं होतं हे मला नंतर कळलं.

हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. स्टेंट घातला. ती वाचली, आता अर्धा दिवस कामावर येते. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या वेळेत गेला तो गेलाच. साडेअकरा ते दोन. अडीच तास मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

हॉस्पिटलमध्ये मी तिला विचारलं, "मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?" ती म्हणाली, "दुखत नव्हतंच गं. दडपण होतं. कुणीतरी छातीवर पोतं ठेवल्यासारखं. पण त्याला दुखणं कसं म्हणणार?"

तर, एचआरची सूचना अशी आहे की एक दिवस सगळ्यांनी लाल कपडे घालून यायचं, एकत्र फोटो काढायचा आणि पॅन्ट्रीच्या दारावर लक्षणांचं पोस्टर लावायचं. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी लाल घालायची पद्धत अमेरिकेतून आली आहे. तिथल्या राष्ट्रीय हृदयसंस्थेने २००२ साली लाल ड्रेस हे चिन्ह घेतलं, त्यामागचा हेतू खरा होता. माझा त्याला विरोध नाही. पण माझी मैत्रीण त्या दिवशी लाल साडी नेसून बसली असती तरी मेळ बसेपर्यंत उठली नसती, आणि मीही तिला उठवलं नसतं.

मी २२ स्लाइड तयार केल्या आहेत. वाचून दाखवल्या तर झोप येईल अशा झाल्या आहेत. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अर्ध्या तासात काय ठेवू आणि काय काढू? फक्त बायकांना बोलावू की सगळ्यांना? आणि एचआर म्हणतंय की आधी एक फॉर्म भरून घेऊ: बीपी, शुगर, बाळंतपणातला त्रास, पाळी कधी गेली वगैरे, म्हणजे 'धोका असलेल्या' कळतील. ते करावं का?

तातडीचीपाळी

मी हृदयरोगाच्या तातडीच्या विभागात परिचारिका आहे, १७ वर्षं. ताई, आधी एक सांगते. दिलेली गोळी आणि शोधलेला फरक याचं ओझं घेऊन व्याख्यानाला उभ्या राहू नका. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या पर्समध्ये ॲसिडिटीची अर्धी पट्टी असते. ती त्यांनी स्वतःच घेतलेली असते.

आता तुमच्या २२ स्लाइडपैकी एक तरी 'बायकांची लक्षणं पुरुषांपेक्षा वेगळी असतात' अशी असेलच. ती जपून वापरा. या वाक्याने माझ्या डोळ्यांदेखत नुकसान झालेलं आहे, कारण ऐकणारीच्या मनात राहतं ते असं की बायकांना छातीत काही होत नाही. तसं नाही. १८ ते ५५ वयाच्या सुमारे ३,००० हार्ट ॲटॅकच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात छातीतली वेदना, दडपण, आवळल्यासारखं होणं यांपैकी काहीतरी ८७ टक्के बायकांना झालं होतं आणि ८९.५ टक्के पुरुषांना. म्हणजे जवळजवळ सारखंच. फरक असा की बायकांमध्ये छातीबरोबर आणखी काही गोष्टी जास्त येतात: जबडा, मान, पाठ, मळमळ, धाप, घाम, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटणं. आणि सांगताना ती या गोष्टी आधी सांगते. छातीचं शेवटी सांगते, किंवा विचारल्याशिवाय सांगतच नाही.

त्याच अभ्यासात पाचातली एक बाई म्हणाली की मला हे टेन्शनमुळे होतंय असं वाटलं. पुरुषांत असं म्हणणारे आठातले एक. त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे, ॲटॅकच्या आधी याच तक्रारी घेऊन जे डॉक्टरांकडे गेले होते, त्यांतल्या ५३ टक्के बायकांना 'हे हृदयाचं वाटत नाही' असं ऐकायला मिळालं होतं. पुरुषांत ३७ टक्क्यांना. तेव्हा बाई दुर्लक्ष करते, हे अर्धंच खरं आहे. ती गेली तरी तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

तुमच्या मैत्रिणीने 'दुखत नाही, दडपण आहे' म्हटलं ना, ते वाक्य तुमच्या व्याख्यानाचा निम्मा भाग आहे असं समजा. मी पेशंटला 'दुखतंय का' असं विचारणं कधीच सोडलं. मी म्हणते, "छातीत काय वाटतंय? जड? भरून आल्यासारखं? आवळल्यासारखं? जळजळ?" 'दुखणं' हा शब्द आपल्याकडे फार मोठा आहे. बाळंतपण झालेली बाई त्याची तुलना कळांशी करते आणि 'एवढं काही नाही' म्हणते.

आधीच्या दोन-तीन आठवड्यांचंही सांगा. २००३ साली ५१५ बायकांचा, ॲटॅकमधून वाचलेल्यांचा, एक अभ्यास झाला होता. त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त जणींना आधीच्या काळात न पेलणारा थकवा होता, जवळजवळ निम्म्यांची झोप बिघडली होती आणि ४२ टक्क्यांना धाप लागत होती. तुमची मैत्रीण जशीच्या तशी त्यात बसते. मात्र थकवा कुणाला नसतो? म्हणून 'थकवा आला तर डॉक्टरांकडे जा' असं सांगू नका, कुणी जाणार नाही. असं सांगा: गेल्या महिन्यात सहज होत होतं ते काम या महिन्यात जमत नाहीये आणि त्याचं कारण सापडत नाहीये, तर दाखवा. जिन्यावरून आल्यावर हाताने 'थांब' म्हणणं ही नवी गोष्ट होती. ती पहिल्यांदा तुमच्याच लक्षात आली होती. घरच्यांच्याही आधी.

आणि आमच्याकडे आल्यावरचं. ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. पहिला ईसीजी आणि पहिली ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी चांगली आली म्हणजे ॲटॅक नाही असं होत नाही, काही तासांत दोन्ही परत करावे लागतात. तेव्हा बरोबर आलेल्या माणसाने शांतपणे विचारायचं, "पुन्हा कधी करणार?" एवढा प्रश्न पुरतो. आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ द्या.

मीविचारते

मी एका टीमची प्रमुख आहे, माझ्या हाताखाली १६ मुली आहेत, बहुतेक तिशीच्या आतल्या. विषय महत्त्वाचा आहे हे मान्य. पण भीती अशी वाटते की उद्या प्रत्येकीला मान दुखली की हार्ट ॲटॅक वाटेल. आमच्याकडे दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आणि पाठ सगळ्यांचीच दुखते. वरच्या प्रतिसादात जी लक्षणं दिली आहेत त्यांतली तीन आज मलाच आहेत. मग करायचं काय?

तातडीचीपाळी

प्रश्न बरोबर आहे. मान दाबल्यावर किंवा वळवल्यावर दुखते, कालही दुखत होती, परवाही दुखत होती, तर ती बहुतेक मानच. आम्हाला काळजी वाटते ती नव्याने आलेल्या गोष्टीची. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर येते आणि बसल्यावर कमी होते, अशा गोष्टीचीही वाटते. आणि छाती-जबडा-पाठ-हात यांपैकी कुठेतरी काही आहे, जोडीला घाम, धाप किंवा मळमळ आहे आणि ते पाच-दहा मिनिटांत जात नाही, अशा जोडगोळीची सगळ्यात जास्त. त्या वेळी फोन उचलायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. बसवून ठेवायचं, चालवायचं नाही, जिना तर नाहीच. तिला स्वतः गाडी चालवू द्यायची नाही. ॲस्पिरिन द्यायची का ते रुग्णवाहिकेचे लोक फोनवर सांगतील, त्यांना तिची ॲलर्जी आणि चालू औषधं सांगायची.

टेबलापाशी बसून हे हृदयाचं आहे की नाही हे ठरवायचंच नाही. मलाही ते ठरवता येत नाही, म्हणून तर मशीन आहे. दहा जणी आल्या आणि नऊ जणी हसत परत गेल्या तर आमची पाळी चांगली गेली असं आम्ही म्हणतो.

तिशीच्या मुलींचं म्हणाल तर त्यांना भीती दाखवू नका, पण 'हे पन्नाशीनंतरचं' असंही सांगू नका.

परतकामावर

वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी ३८ वर्षांची असताना मला ॲटॅक आला, दुसऱ्या बाळंतपणानंतर सात महिन्यांनी, मीटिंग चालू असताना. बीपी नाही, शुगर नाही, वजन बेताचं, सिगारेट आयुष्यात ओढलेली नाही. माझ्या रक्तवाहिनीत चरबीची गाठ नव्हतीच. वाहिनीच्या भिंतीचा आतला थर सुटला आणि त्या थराच्या मागे रक्त साचून वाट बंद झाली. डॉक्टर त्याला स्कॅड म्हणतात. ज्यांना होतो त्यांत दहातल्या जवळपास नऊ बायका असतात, आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या ॲटॅकचं हे एक मोठं कारण आहे. पुष्कळदा त्यात स्टेंटही घालत नाहीत, वाहिनी आपली आपण भरून येऊ देतात. माझी तशीच भरली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की 'धोका असलेल्या' हुडकून काढायच्या फॉर्ममध्ये मी कुठेच सापडले नसते.

आणि त्या फॉर्मबद्दल. ताई, कृपा करून तो होऊ देऊ नका. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, गरोदरपणात शुगर होती का, दिवस पूर्ण व्हायच्या आत बाळंतपण झालं का, पाळी चाळिशीच्या आतच गेली का, हे प्रश्न खरंच महत्त्वाचे आहेत. गरोदरपणात बीपी वाढून गुंतागुंत झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुपटीने असतो, आणि कितीतरी जणींना बाळंतपण पार पडल्यावर हे कुणी सांगतच नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस यांसारखे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, स्तनाच्या कर्करोगावर घेतलेले उपचार, यांचंही तसंच. पण ही माहिती तिने तिच्या डॉक्टरांना द्यायची आहे. एचआरच्या फाइलमध्ये गेली की ती बढतीच्या वेळी कुणाच्या तरी डोक्यात राहते. मी आजारपणानंतर परत आल्यावर मला कामाच्या नव्या प्रकल्पातून वगळलं गेलं, 'तुझ्या तब्येतीसाठी' म्हणून. मला कुणी विचारलंही नाही. हे मी राग धरून लिहीत नाहीये, पण फॉर्म भरणाऱ्या बाईच्या मनात हीच भीती असते आणि ती खोटी नसते. मग ती फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिणार.

त्यापेक्षा हे प्रश्न एका कागदावर छापा आणि प्रत्येकीला घरी नेऊ द्या. वर लिहा, 'पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे त्यांना सांगा.' कागद परत घ्यायचा नाही.

आणखी एक. तुमची मैत्रीण अर्धा दिवस येते म्हणालात. तिला कार्डिॲक रिहॅब सांगितलं आहे का? देखरेखीखाली व्यायाम, औषधांची घडी, मनाला सावरणं, हे सगळं त्यात असतं. बायकांना ते सुचवलंच कमी जातं आणि सुचवलं तरी बायका मधेच सोडतात, कारण त्या वेळा नेमक्या कामाच्या असतात. मला आठवड्यातून तीन सकाळी जावं लागायचं. माझ्या साहेबांनी त्या तीन दिवशी मला ११ ला येऊ दिलं, रजा न कापता. माझ्या बरं होण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एचआरला काही करायचंच असेल तर हे करता येईल.

प्रथमोपचारपेटी

मी एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे, सीपीआर शिकवतो, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की पुरुषांना बोलवाच. फक्त बायकांना बोलावलंत तर अर्धं काम राहून जाईल.

कारण सांगतो. हार्ट ॲटॅक आलेलं माणूस शुद्धीत असतं, बोलत असतं. पण त्यातूनच हृदय बंद पडू शकतं, मग माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास नसतो किंवा अधूनमधून नुसता आचका देतो. तिथे सीपीआर लागतो, आणि तो शेजारच्या माणसानेच द्यावा लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्के जणांना आजूबाजूच्यांनी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्के जणींना. मला याचं कारण कागदावर वाचावं लागलं नाही, माझ्या वर्गातच दिसतं. मी पुरुष कामगारांना विचारतो, "समोर बाई पडली तर?" सगळे एकमेकांकडे बघतात. एक जण म्हणाला, "साहेब, हात कुठे ठेवायचा? उद्या कुणी काही म्हणालं तर?" तो चांगला माणूस आहे, त्याने खरं बोलून दाखवलं. बाकीच्यांच्या मनातही तेच होतं.

सरावाचे पुतळेसुद्धा बहुतेक सगळे सपाट छातीचे असतात. मी आता एका पुतळ्यावर टॉवेलच्या घड्या बांधून वरून कुर्ता घालतो आणि त्यावर सराव करायला लावतो. पहिल्या दिवशी अवघडले, दुसऱ्या तुकडीपासून सवय झाली. हाताची जागा तीच: छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एईडी मशीन (हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून विजेचा झटका देणारं) असेल तर त्याचे पॅड उघड्या त्वचेवरच लागले पाहिजेत, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. आतले कपडे आड येत असतील तर बाजूला सारायचे, नाहीतर कापायचे. मी पेटीत कात्री ठेवतो, त्याशेजारी एक ओढणीएवढा मोठा कपडाही ठेवतो. बाकीच्या दोघा-तिघांनी तो धरून आडोसा करायचा. आडोसा करायची सोय आहे म्हटल्यावर हात लावायला लोक कचरत नाहीत, हा माझा अनुभव.

सीपीआर आणि मशीन यांच्याशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून तुमच्या ऑफिसात एईडी कुठे आहे हे व्याख्यानातच उभं राहून दाखवा. नसेल तर 'नाही' असं सगळ्यांसमोर सांगा, एचआरसुद्धा तिथेच बसलेलं असेल.

मीविचारते

वरचं सगळं वाचलं. मी आज आमच्या मजल्यावर विचारलं, एईडी आहे का. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी शिपाईमामांनी दाखवलं, स्टोअररूममध्ये जुन्या खुर्च्यांच्या मागे आहे. बॅटरीची मुदत संपलेली. आता मीच मागे लागते.

हिशेबनीस

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी हे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि काल संध्याकाळी २२ पैकी १९ स्लाइड काढून टाकल्या.

फॉर्म रद्द. एचआरच्या बाईंना परतकामावर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की मला गरोदरपणात बीपी होतं, मी तरी हे ऑफिसात लिहून दिलं असतं का? घरी न्यायचा कागद त्याच छापून देणार आहेत. रिहॅबच्या वेळांचं पत्र वरच्या साहेबांकडे गेलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

सगळ्यांना बोलावते आहे, आमच्या विभागातल्या पाचही पुरुषांना आणि खालच्या सुरक्षारक्षकांनाही. दहा मिनिटं सीपीआरला, पुतळ्यावर कुर्ता घालूनच. रक्षकांना मुद्दाम, कारण रुग्णवाहिका आली की फाटक तेच उघडतात आणि लिफ्ट थांबवून ठेवायची तर तीही तेच ठेवतील.

शब्दांचं मी पहिल्यांदा घेणार आहे. फळ्यावर 'दुखणं' लिहून त्याच्यावर रेघ मारणार आणि समोरच्यांना विचारणार की छातीत काही झालं तर तुम्ही घरी काय शब्द वापरता. माझ्या आईचा शब्द होता 'कोंडल्यासारखं'. तो कुठल्याच पोस्टरवर मला दिसला नाही.

एक गोष्ट मी साहेबांकडे वेगळी मांडली. महिनाअखेरच्या आठवड्यात आमचे तास सहज ५५ च्या वर जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अहवाल दिला आहे. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. आमचं तसं दर आठवड्याला नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. पण मागितलं ते तासांबद्दल नव्हतं. मी जोड्या मागितल्या. महिनाअखेरीला प्रत्येक कामाला दोन नावं, दुसऱ्याला पासवर्ड आणि कागद कुठे आहेत ते माहीत. कारण त्या दिवशी बँकेचा मेळ फक्त तिलाच येत होता, आणि ती उठली असती तर पगार अडकले असते. तिला ते माहीत होतं. छातीवर पोतं घेऊन ती त्यासाठी बसली होती. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून करू.

काल व्याख्यानाचा मजकूर मी मैत्रिणीला वाचून दाखवला. तिचं सगळं सांगायला तिने आधीच परवानगी दिली आहे, फक्त नाव घेऊ नकोस म्हणाली. शेवटच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, 'त्रास झाला तर काम सोडून लगेच निघा.' ती म्हणाली, "हे काढ. मी हे वाचलं असतं तरी निघाले नसते. माझ्यासाठी लिहू नकोस, शेजारी बसलेल्यासाठी लिही."

मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. आता स्लाइडवर एवढंच आहे: 'तू बसून राहा. फोन मी करते. तुझं काम माझ्याकडे.'

तातडीचीपाळी ताई, यात काही चुकत असेल तर मंगळवारपर्यंत सांगा, बुधवारी छापायला देते आहे.

तातडीचीपाळी

चुकत नाही. खाली रुग्णवाहिकेचा नंबर आणि तुमच्या ऑफिसचा पूर्ण पत्ता मजल्यासकट मोठ्या अक्षरात टाका. घाबरलेल्या माणसाला फोनवर स्वतःच्या ऑफिसचा पत्ता आठवत नाही.